लहानू मास्तरांची अट

लहानू मास्तरांना फोन लावला की आधी त्यांच्या बायकोचा, गयाबाईंचा आवाज येतो. "मास्तर घरी न्हाईत. पन अट घरीच हाय, तेवढी ऐकून घ्या." मग ती अट. मास्तर बसून वाजवणार आणि लोकांनी बसून ऐकायचं. वरातीत नाही, मिरवणुकीत नाही, पुढाऱ्याच्या गाडीपुढे तर नाहीच नाही. काय वाजवायचं आणि कधी थांबायचं ते मास्तर ठरवतील. पत्रिकेत नाव छापणार असाल तर वडिलांच्या नावासकट छापा, नाहीतर छापूच नका. एवढं एका दमात म्हणून झालं की गयाबाई विचारतात, "पटतंय का? न्हाई पटत तर ऱ्हाऊ द्या, आमाला राग न्हाई." बऱ्याच जणांना पटत नाही. ते फोन ठेवून देतात. गयाबाई पदराने मोबाईल पुसतात आणि पुन्हा बाजरी पाखडायला घेतात.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेतली मास्तरीण मी. कोल्हारच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये पेटी धरत होते. बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि लहानू मास्तर पाथर्डी तालुक्यातल्या एका बँडमध्ये ऐन उमेदीची वर्षं क्लॅरोनेट वाजवत होते. अंगाने काटकुळे, केसांना भरपूर तेल, मधोमध भांग, आणि खिशात कंगवा. हा कंगवा दर थोड्या वेळाने बाहेर येतो. दिसण्याच्या बाबतीत मास्तर चांगलेच नखरेल आहेत आणि ते लपवतही नाहीत.

त्यांची आणखी एक सवय सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. क्लॅरोनेटला लावायची वेताची पातळ पत्ती वाजवण्याआधी तोंडात धरून ओली करावी लागते. मास्तरांना एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसलं की ते ही पत्ती तोंडात ठेवतात. मग समोरचा कितीही बोलो, मास्तर नुसते मान हलवतात, आणि ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, ते कोणालाच कळत नाही. पत्ती बाहेर आली म्हणजे उत्तर आलं, असं गयाबाई म्हणतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या भाच्याच्या लग्नात. चर्चमधून निघालेली वरात कोल्हारच्या बाजारपेठेत अडकली होती. बँडचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणत, गळ्यात शिट्टी अडकवून पुढे चालत होते. बँडवाल्यांचा सगळा कारभार त्या शिट्टीवर चालतो. एक शिट्टी वाजली की सुरू, दुसरी वाजली की बंद. पोरांनी तेच तेच नाचायचं गाणं मागून मागून वाजवणाऱ्यांचे ओठ सुजवले होते. मध्येच जरा उसंत मिळाली आणि मास्तरांनी, कोणी सांगितलेलं नसताना, सावकाश पिलू रागातलं काहीतरी सुरू केलं. माझ्या हातातली फुलांची परडी तशीच राहिली. दुकानातली माणसं उंबऱ्यापर्यंत आली. आणि सूर अर्ध्यात, अगदी वर चढत असताना, शिट्टी वाजली.

मास्तर थांबले. त्यांनी टोपी काढली, तो लाल, सोनेरी पट्ट्यांचा कोट काढला, त्याची नीट घडी घातली आणि जनरेटरच्या हातगाडीवर ठेवली. मग समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर नुसत्या बनियनमध्ये बसले आणि जिथं तुटलं होतं तिथून पुढे वाजवायला लागले.

अण्णा धावत आले. "मास्तर, उठा! वरात निघाली!"

"जाऊ द्या की वरात. माजं हितलं संपलेलं न्हाई."

"डोकं फिरलं का तुमचं?"

मास्तरांनी क्लॅरोनेट मांडीवर घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "अण्णा, दम माजा हाय. मग शिट्टी तुमची कशाला?"

वरात पुढे गेली. मी गेले नाही. नवऱ्या मुलाची आत्या वरात सोडून किराणा दुकानासमोर उभी राहिली यावरून आमच्या घरात पुढे बरंच रामायण झालं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पायरीवरचं तेलाचं रिकामं पिंप पुढे सरकवलं. "बाई, ऐकायचं आसंल तर बसा." मी पिंपावर बसले. त्यांची पहिली बैठक ती, आणि पहिली श्रोती मी, हे मी आजही कोणालाही कारण नसताना सांगते.

हे वेड त्यांच्या डोक्यात आलं कुठून, ते पुढे ओळख वाढल्यावर कळलं. मास्तरांचे वडील गंगाराम हेही क्लॅरोनेटवाले होते. बँडच्या माणसाचे पुढचे दात पडले की त्याला क्लॅरोनेट धरता येत नाही. मग मालक त्याच्या हातात खुळखुळा देतो. कोट तोच, टोपी तीच, फक्त हातात खुळखुळा. गंगाराम असाच खुळखुळा वाजवत वरातींपुढे चालत राहिले, आणि त्यांना क्लॅरोनेट वाजवताना ऐकलेली माणसं त्यांच्या अंगावरून पुढे जात राहिली. "बापानं लई गोड वाजवलं," मास्तर मला म्हणाले, "पन कुनी बसून आयकलंच न्हाई. मानूस चालता चालता काय आयकंल? त्याला पायाखालचा खड्डा बघायचा आसतो." त्या दिवशी त्यांनी पत्ती तोंडात घातली नाही, सगळं सांगितलं.

बँड सोडून एकट्याने क्लॅरोनेट वाजवायचं म्हणजे काय, याचा पाथर्डीत कोणाला पत्ता नव्हता. खुद्द मास्तरांनाही नव्हता. त्यांनी एक जुनी मोपेड घेतली आणि तिच्या मागे एक मोठी सतरंजी बांधली. ऐकणाऱ्यांना बसायला जागा नसते ही सबब कोणाला मिळू नये म्हणून. गावोगाव जाऊन ते सांगू लागले, मी येतो, सतरंजी आणतो, तुम्ही फक्त बसा. काष्टीच्या आठवडी बाजारात त्यांनी शेळ्यांच्या व्यापाऱ्यांना पोत्यांवर बसवून ऐकवलं. व्यापारी बसले, पण दोरी हातातच ठेवून, आणि एका बोकडाने सतरंजीचा कोपरा खाल्ला. तो खाल्लेला कोपरा मास्तर मोठ्या अभिमानाने दाखवतात.

मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. प्रवरेच्या घाटावर सकाळी त्यांचं वादन ठेवू, पाण्यावर सूर छान लागतील, असं मीच सुचवलं. माझी अक्कल एवढीच. चर्चमधल्या बायका आल्या, शाळेतले शिक्षक आले, गावातली पांढऱ्या टोप्यांची वडीलधारी मंडळी आली. मास्तरांची अट आधीच सांगितलेली असल्यामुळे सगळे सतरंजीवर अगदी गप्प बसले. आता नदीचा घाट, सकाळची वेळ, पांढऱ्या टोप्या आणि गप्प बसलेली माणसं, हे चित्र आपल्याकडे कशाचं असतं ते सांगायला नको. पण ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

मास्तरांनी सुरुवात केली तेवढ्यात रस्त्यावरून जाणारी एक पांढरी मोठी गाडी थांबली. आमच्या भागातले एक पुढारी खाली उतरले. चपला काढल्या, हात जोडले, चेहरा पाडला आणि थेट पुढे येऊन उभे राहिले. मास्तर सभ्य माणूस, त्यांनी वाजवणं थांबवलं. पुढारी बोलू लागले. "या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. मी आणि माझा परिवार या दुःखात सहभागी आहोत. त्यांच्या जाण्याने आपल्या परिसराची कधीही भरून न येणारी हानी झालेली आहे..." माझ्या शेजारी बसलेली आमच्या शाळेतली सुमती पदर तोंडात कोंबून हलायला लागली. लोकांना वाटलं, रडतेय. पुढाऱ्यांचं नावापाशी अडलं. ते हळूच माझ्याकडे वाकले. "बाई, वारलं कोण?"

मी म्हटलं, "अजून तरी कोणी नाही."

तेवढ्यात मागून उशिरा आलेले एक आजोबा टोपी सावरत विचारते झाले, "शिवला का कावळा?"

मग मात्र सगळा घाट फुटला. पुढाऱ्यांना कुठं तोंड लपवावं ते कळेना. त्या सगळ्या हसण्यात न हसलेला माणूस एकच, लहानू मास्तर. ते उठले, पुढाऱ्यांचा हात धरला आणि त्यांना आपल्या अगदी समोर बसवलं. "सायेब, मेलं कुनी न्हाई. पन तुमी आलाच हाय तर बसा. मेलेल्यासाठी येवढा येळ काढता, जित्यासाठी थोडा काढा." पुढारी बसले. गाडीतून त्यांचा माणूस दोनदा बोलवायला आला, त्याला त्यांनी हातानेच परत पाठवलं. त्या सकाळी मास्तरांनी भैरवी वाजवली, आणि शेवटी पुढाऱ्यांनी रुमाल काढला तो खरोखरच डोळे पुसायला.

घाटावरची गोष्ट सगळीकडे झाली, लोक हसले, पण हसण्यावर घर चालत नाही. पुढचं वर्ष फार वाईट गेलं. पाऊस नव्हता, गावंच्या गावं ऊसतोडीला गेलेली, बसून ऐकायला माणूस आणायचा कुठून? गयाबाई शेतमजुरीला जाऊ लागल्या. त्या तोंडाच्या तिखट आहेत. "लोकांची मानसं मानसाला नाचवत्यात," त्या मला म्हणाल्या, "आमचा गडी मानसाला बसवायला निघालाय. बसंल का कुनी? मानसाच्या बुडाला चाकं हायती आता." पण हे माझ्यापाशी. बाहेर कोणी मास्तरांना नावं ठेवली की त्याच बाई असं काही फाडून बोलत की तो पुन्हा दाराशी येत नसे.

त्याच वर्षी अण्णा एकदा मास्तरांच्या घरी आले. मी तिथंच होते. अण्णा तसे वाईट नव्हते. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मास्तर, कोट धुऊन ठेवलाय. शिट्टीचं मनावर घेऊ नका. या परत." गयाबाई चुलीपाशी होत्या, त्यांचा हात थांबला. मास्तरांच्या तोंडात पत्ती होती. त्यांनी ती फार वेळ बाहेर काढली नाही. मला भीती वाटली की हा माणूस आता हो म्हणणार, आणि म्हणाला तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा. घरात त्या दिवशी कालवणाला काही नव्हतं, ते मला दिसत होतं. शेवटी पत्ती बाहेर आली. "धुतलाय ना? मंग दुसऱ्या कुनालाबी चांगला दिसंल, अण्णा."

अण्णा गेल्यावर गयाबाई एवढंच म्हणाल्या, "अण्णांच्या चहात उगाच साखर जास्त पडली आज." आणि मास्तरांकडे पाहून हसल्या. मास्तरांबद्दल मला जो आदर वाटतो त्यातला निम्मा खरं तर ह्या बाईचा आहे.

घरामागच्या कोरड्या विहिरीचा उपयोग मास्तरांना त्याच दिवसांत सापडला. पाथर्डीकडच्या विहिरी दिवाळी सरताच तळ दाखवतात. मास्तर सहज म्हणून पायऱ्या उतरून तळाशी जाऊन बसले आणि एक सूर लावला. तो सूर भिंतीभिंतीने फिरून असा काही भरून वर आला की शेजारच्या रानातली माणसं कामं टाकून बघायला आली. मग रोज सकाळी मास्तर विहिरीत. गयाबाई काठावर मोबाईल धरून बसत, रेकॉर्डिंग चालू असताना रस्त्याने जाणाऱ्याला हातानेच गप्प करत. विहिरीत पारवे होते. ते मध्येच फडफडत. मास्तर त्यांचं बसणं होईपर्यंत सूर धरून ठेवत, मग पुढे जात. मोबाईलवर चॅनेल सुरू करून ही रेकॉर्डिंगं त्यावर टाकायला मी त्यांना शिकवलं, आणि प्रत्येकाखाली काय लिहायचं ते त्यांनी मला सांगितलं. "लहानू गंगाराम, क्लॅरोनेट." बाकी काही नाही.

लोक ऐकू लागले. ह्या जिल्ह्यातले, त्या जिल्ह्यातले, दूर देशी गेलेलेही. प्रत्येक जण खाली लिहून विचारी, ही फडफड कसली? एका कंपनीचा माणूस गाडी करून आला. म्हणाला, हेच सगळं स्टुडिओत पुन्हा वाजवा, पारवे नकोत, हक्क आमच्याकडे द्या, आम्ही तुम्हाला कुठल्या कुठे नेतो. मास्तरांच्या तोंडात पत्ती. माणूस तासभर बोलला. त्याला वाटलं, मान हलतेय म्हणजे काम झालं. जाताना त्याने सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा मास्तर म्हणाले, "मला कुठल्या कुठं जायचंच न्हाई, दादा. लोकांनी हितं यावं." आणि लोक खरंच आले. विहिरीच्या पायऱ्यांवर बसून ऐकू लागले. मास्तर तळाशी, माणसं वर, पारवे मध्ये. हिवाळ्यातल्या रविवारी तिथं जागा मिळत नाही.

पुण्याहून एका मोठ्या लग्नाचं बोलावणं आलं. फुलांनी सजवलेल्या व्यासपीठावर, मऊ गादीवर बसून वाजवायचं. गयाबाईंनी अट सांगितली, पलीकडून सगळं कबूल. मास्तरांना काहीतरी खटकलं. त्यांनी फोन स्वतः घेतला. "मी वाजवताना लोकं काय करत आसतील?" जेवत असतील, असं उत्तर आलं. मंद संगीत, जेवणाच्या वेळी. "मंग वाढप्यालाच सांगा की वाजवायला," मास्तर म्हणाले आणि फोन बंद केला. त्या बिदागीत घराचे पत्रे बदलून झाले असते. मी चिडले. मास्तरांनी कंगवा काढून भांग पाडला.

हा ताठा मला नेहमीच आवडला असं नाही. आमच्याच शाळेत मी मोठ्या हौसेने त्यांचं वादन ठेवलं होतं. मुलं छान बसली होती. ऐन रंगात मुख्याध्यापकांचा मोबाईल वाजला आणि ते तिथंच बसून मोठ्याने बोलू लागले. मास्तरांनी क्लॅरोनेट पुसलं, पेटीत घातलं आणि सतरंजी गोळा करायला लागले. सतरंजीवर मुलं बसलेली होती, त्यांनाही उठवलं. मी हातापाया पडायची बाकी राहिले. "बाई, कदी थांबायचं ते माजं मी ठरवतो," एवढंच उत्तर. मुलांचा काय दोष होता? मी बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आजही मला वाटतं, तिथं ते चुकले. पण कोणी सांगितलं म्हणून वाजवणारा आणि थांबवलं म्हणून थांबणारा माणूस जर त्यांनी आपल्यातून पुरता काढून टाकला नसता, तर तो कोट कधीच पुन्हा अंगावर आला असता, हेही मला कळतं.

मास्तरांना मी अलीकडे पाहिलं ते गेल्या ऊसतोडीच्या हंगामात. त्यांच्या गावची माणसं कोल्हारच्या बाजूला तोडीला आली होती. मळ्याच्या कडेला त्यांच्या उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या होत्या. ही माणसं मास्तरांना म्हणाली होती, "बाबा, सारा मुलूख तुमाला आयकतो. तुमी हिवाळ्यात वाजवता तवा आमी गावात नसतोच. आमी कवा आयकायचं?" मास्तरांच्या मनाला ते लागलं. कारखान्यात काही बिघाड होऊन तोड थांबल्याचं कळताच ते मोपेडवरून आले. मलाही निरोप होता, मी गेले.

दुपारची वेळ होती. बाभळीच्या सावलीत सगळे येऊन बसले. पुरुषांनी तोंडं धुतली होती, बायकांनी धुतलेली लुगडी नेसली होती. अट सगळ्यांना माहीत होती, म्हणून कोणी तंबाखूही मळत नव्हतं. मास्तरांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

थोडा वेळ गेला आणि मुकादमाची मान छातीवर आली. मग त्याच्या शेजारच्याची. एक म्हातारा बसल्या बसल्या कलंडला आणि तसाच राहिला. कितीतरी दिवस पहाटेच्या आधी उठून उसात शिरणारी माणसं ती, त्यांना पहिल्यांदाच अंग टेकायला दुपार मिळाली होती. आता मास्तर डोळे उघडणार, पाहणार, आणि पेटी बंद करणार. एवढ्या लांबून, एवढ्या हौसेने आलेला माणूस, आणि ही एवढ्या आशेने बसलेली माणसं.

मास्तरांनी डोळे उघडले. सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि क्लॅरोनेट तोंडातून काढलं.

एकदम शांत झालं. पुढेच बसलेल्या एका तरण्या बाईच्या मांडीवरचं तान्हं पोर चुळबुळलं. तिने डोळेही उघडले नाहीत. पोराला थोपटत झोपेतच म्हणाली, "थांबू नगा ना बाबा. लेकरू आत्ताशी निजलंय. मीबी जरा पडते."

आणि ती खरंच पोराला कुशीत घेऊन आडवी झाली.

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी क्लॅरोनेट पुन्हा ओठांना लावलं आणि अगदी खालच्या सुरात, त्या पोरापुरतं, वाजवायला लागले. पोर निवांत झालं. मास्तर थांबले नाहीत. मलाही केव्हा डोळा लागला ते कळलं नाही. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि बाभळीखाली सगळी माणसं आडवी होऊन गाढ झोपली होती. बसलेले होते फक्त लहानू मास्तर, आणि ते वाजवत होते.